दोन सारख्या अर्ध्या

श्रुतीनं फुटाणा दातांनी सोलला, त्याच्या दोन डाळ्या वेगळ्या केल्या, एक बाहुलीच्या तोंडाला लावली आणि एक लाकडी घोड्याच्या. झालं ते इतकंच. रविवारची सकाळ होती. साखर कारखान्याचा आठचा भोंगा नुकताच वाजून थांबला होता, आणि कसबा बावड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मळीचा आंबूस वास भाकरीच्या वासात मिसळून गेला होता. हे आंघोळीला गेले होते. मी भाकरी उलटायला हात पुढं केला आणि मागून तिचा आवाज आला, "हलायचं न्हाई. दोन्ही सारख्या झाल्या पायजेत. केसाचापण फरक न्हाई." आवाज साडेचार वर्षांच्या पोरीचा, पण बोलणं तिच्या पप्पांचं. शब्दांच्या मध्ये थांबणं तेच, एक डोळा बारीक करणं तेच. मग तिनं बाहुलीच्या डोक्यावर थोपटलं, "गिळ. पाणी पी. आता बरं वाटंल हां." माझा हात तव्यावर तसाच राहिला. भाकरीला काळे डाग पडले, धूर झाला, बोटाला चटका बसला तेव्हा कुठं मी हात मागं घेतला. ती माझ्याकडं बघून हसली. दाताला फुटाण्याचं साल चिकटलेलं. मी पण हसले. आई हसली नाही तर पोर घाबरतं.

आम्हाला वाटायचं, ती झोपलेली असते. सकाळी आठला ती अंथरुणातच असायची, गोधडीतून फक्त केस दिसायचे. रात्री आठला ती बाहेर ओट्यावर शालूबाईंच्या मांडीवर असायची, नाहीतर टीव्हीसमोर. गोळ्यांची बरणी तांदळाच्या डब्यात, खाली, मुठीभर तांदळाच्या आड. गोळी कापायचा सागवानी ठोकळा कपाटावर. पटाशी यांच्या हत्यारांच्या पिशवीत, तेलकट फडक्यात. यातलं काहीच कुणाला दिसत नाही अशी आमची समजूत होती आणि त्या समजुतीवर आम्ही चौदा महिने काढले होते. आता मी मोजायला लागले की तिनं काय काय बघितलं असेल. गोळी बघितली, कापणं बघितलं, कुणाला कुठली अर्धी ते बघितलं. आणि शालूबाई. भिंतीपलीकडं राहतात, जीव लावतात, आणि श्रुती त्यांना सगळं सांगते. मम्मीनं पप्पांना काय म्हटलं, डब्यात कुठली भाजी, मम्मीच्या पायाला मुंग्या येतात म्हणून ती रात्री पाय घासते. एवढंच सांगायचं राहिलंय. कदाचित राहिलंही नसेल. परवा शालूबाईंनी वाटीभर आमटी आणून दिली आणि वाटी परत घेताना पदरानं धरली. गरम होती म्हणून धरली असेल. वाटी गार झाली होती का, हे मला काही केल्या आठवेना.

त्यात सोमवार तोंडावर आलेला. सरकारी दवाखान्यातल्या सेंटरमधून मोना मॅडमचा फोन आला होता. त्या तिथल्या समुपदेशक. दर महिन्याला आधी त्यांच्यासमोर बसायचं, मग गोळ्या मिळतात. फोनवर त्या नेहमी मोठ्यानं बोलतात, रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं. त्या दिवशी हळू बोलल्या. "विशाखाताई, सोमवारी या की जरा. रक्ताचा रिपोर्ट आलाय. डॉक्टर भेटतो म्हणत्यात." मी विचारलं, कमी आलंय का? त्या म्हणाल्या, "या तुम्ही. बोलूया." कमी आलंय हे मला फोनच्या आधीपासून माहीत होतं. जिभेवर पांढरं दिसायला लागलं होतं. सकाळी घासलं की जायचं, दुपारपर्यंत परत यायचं, दुधाची साय धरावी तसं. मी आरशात जीभ काढून बघायचे आणि श्रुती शेजारी उभी राहून तिची जीभ काढायची. तिची गुलाबी, ओली, निरोगी जीभ. आम्ही दोघी आरशात एकमेकींना वेडावायचो.

श्रुतीच्या वेळी पाचव्या महिन्यात मला कळलं. दोन हजार चार साल. त्या आधी एड्स हे नाव मी फक्त एस.टी. स्टँडच्या भिंतीवर वाचलेलं. यांनी ऐकलं आणि नुसते भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "तुझ्या आधीचं हाय ते. लग्नाच्या आधीचं. मला म्हाईत न्हवतं." पोटात ती हलत होती, आणि मला तेवढंच विचारायचं होतं, हिला होईल का? नर्स म्हणाली, एक गोळी आहे. कळा सुरू झाल्या की घ्यायची. एकच. बाळाला जन्मल्यावर थोडं पातळ औषध. ती गोळी मी दोन महिने ब्लाउजमध्ये पुडीत बांधून फिरले. आंघोळीला जाताना ती साबणाच्या खिडकीत, झोपताना उशीखाली. कोडोलीला आईकडं बाळंतपणाला गेले नाही, कारण तिथून शहर लांब. कळा आल्या त्या पहाटे, पाऊस पडत होता, हे रिक्षा शोधायला पळाले, आणि मी अंधारात चाचपून ती गोळी तोंडात टाकली. कडू होती. तो कडूपणा मला आवडला. पुढं अठरा महिने मी श्वास धरून होते. तिला सर्दी झाली तरी मी रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे. अठराव्या महिन्यात रक्त तपासलं आणि मोना मॅडमच्या आधीच्या बाईंनी कागद माझ्यासमोर धरून सांगितलं, काही नाही तिला, स्वच्छ आहे. मी तिथंच त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. जगात माझ्यासाठी कुणी काही केलं असेल तर त्या एका गोळीनं केलं, असं मी तेव्हापासून मानत आले. आमच्या घरात देव नाहीत. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत, त्यांच्यासमोर आम्ही काही मागत नाही. पण त्या गोळीला मी मनातल्या मनात हात जोडायचे.

दोन हजार सहाला माझ्या रक्तातल्या, आजाराशी लढणाऱ्या पेशी दीडशेच्या खाली गेल्या आणि सेंटरमधून गोळ्या सुरू झाल्या. सकाळी आठ, रात्री आठ, जन्मभर. घड्याळापेक्षा कारखान्याचा भोंगा बरा, तो कधी चुकत नाही. वर्षभरात साडेतीनशे झाल्या. अंगावर मांस आलं, केस गळायचे थांबले, मी श्रुतीला कडेवर घेऊन रंकाळ्याला फेरी मारली. आणि मग हे उतरायला लागले. आधी संध्याकाळचा ताप, मग जुलाब, मग पँटला नवी भोकं पाडून पट्टा आवळणं. मी म्हटलं, चला. माझ्यासारखंच नाव घालूया. गोळ्या फुकट मिळतात. हे नाही म्हणाले. मी भांडले, जेवण सोडलं, श्रुतीची शपथ घातली. तेव्हा एका दुपारी त्यांनी सांगितलं. ते शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर. म्हणजे जो लोखंडी नग ओतायचा त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा उठवायचा, मग साच्यात तापलेला रस. नमुना चुकला तर पुढचे हजार नग चुकतात, म्हणून त्यांच्या हाताला मान. त्यांच्या शॉपमध्ये अकरा माणसं एका फळीवर डबे उघडून बसतात. "माझ्या बाला," ते म्हणाले, "मालकाच्या मळ्यात वरनं पाणी वतत हुती. ओंजळ धरायची आन् तोंड वर करायचं. मी बघितलंय ते. आन् माझा डबा आज निम्मी शॉप खाते. ज्ञानू पाटील म्हणतोय, भूषण, वहिनीच्या हातचा झुणका न्हाय मिळाला तर मशीन चालू करणार न्हाय मी. त्या सेंटरच्या लायनीत मला कुणी एकानं बघितलं की तो डबा बंद. एकदा बंद झालेलं मी बघितलंय, विशाखा. परत बघायचं न्हाय मला." मरणाला भ्यायला पाहिजे, डब्याला कसलं भ्यायचं, असं मला म्हणता आलं असतं. पण त्यांच्या वडिलांची ती ओंजळ माझ्याही ओळखीची होती. माझ्या आजोबांची तीच ओंजळ.

अर्धी करायची, हे माझंच डोकं. त्यांनी कधी मागितली नाही. आमच्या कोडोलीच्या घरात आई कुठलीही वस्तू अख्खी कुणाला द्यायची नाही. केळं असो, लाडू असो, आजारपणातली बिस्किटं असोत, हातातच मोडायची आणि आम्हा दोघी बहिणींच्या तळहातावर ठेवायची. मोडलेला तुकडा गोड लागतो म्हणायची. मी लहानपणी त्यावर विश्वास ठेवला आणि मोठेपणीही सोडला नाही. एका संध्याकाळी ताप चढून ते कुडकुडत होते, भोंगा वाजला, मी माझी गोळी तळहातावर घेतली, आणि ती एकटीनं खाणं मला जमेना. घास घशाखाली उतरेना तसं. मी विळीवर ती कापली. एक तुकडा मोठा, एक बारका, भुगा सांडलेला. मोठा त्यांना दिला. दोन दिवस ते नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी उठले, हात धुतले, पिशवीतून पाव इंची पटाशी काढली, सागाच्या ठोकळ्यावर गोळीच्या मापाची खाच केली. "मापात न्हाय ते मला चालत न्हाय," म्हणाले. एक डोळा बारीक करून धार गोळीवर धरायची, तळहातानं वरून एकच ठोका. दोन अर्ध्या. केसाचाही फरक नाही. भुगा राहायचा त्यावर मी ओलं बोट टेकायचे, निम्मा माझ्या जिभेला, निम्मा त्यांच्या. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण इतकं जवळ आम्ही कधी आलो नव्हतो. रोज दोनदा. त्यांचा ताप महिन्याभरात गेला. पट्टा एक भोक सैल झाला. मला वाटलं, माझ्यात दोघांपुरतं आहे.

सेंटरमध्ये दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजतात. कुणी किती चुकवल्या ते त्यावरून कळतं. माझ्या कधी चुकल्याच नाहीत. बरणी रिकामी व्हायची तेव्हाच व्हायची. मोना मॅडम नव्या बायकांना माझ्याकडं बोट करून सांगायच्या, "यांच्याकडं बघून शिका जरा! एक गोळी म्हणून चुकत न्हाई!" त्या बायका माझ्याकडं बघायच्या आणि मी पदर सारखा करायचे. एकदा धोंडुबाई म्हणून एक म्हातारी माझ्या हाताला धरून म्हणाली, "तुझा गुण लागू दे गं माझ्या सुनंला." मी हात सोडवून घेतला. गेल्या उन्हाळ्यात पेशी तीनशेवर आल्या. मॅडमनी विचारलं, "चुकली काय एखादी?" मी म्हटलं, नाही. खरंच तर होतं. दिवाळीत दोनशे चौदा. "नक्की की?" नक्की. एकाच खऱ्या वाक्यानं इतकं खोटं बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या रविवारी दुपारी श्रुती झोपल्यावर मी यांना तिच्या खेळाचं सांगितलं. ते तिच्यासाठी घोड्याचं मोडलेलं शेपूट बसवत होते. रंधा मारायचं थांबले. "कुणापुढं बोलली?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, उद्या मला बोलावलंय. कमी आलंय. विचारतील. ते बराच वेळ घोड्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले, कुठं खरखर लागतीय का बघत. मग म्हणाले, "माझं नाव काढू नगंस." मी म्हटलं, अहो, आणि तुम्ही? ते म्हणाले, "मी बरा हाय की." पण पट्टा परत आतल्या भोकात गेला होता, आणि चार दिवसांपासून संध्याकाळी ते अंगात स्वेटर घालत होते. मला दिसत होतं. मला दिसतंय हे त्यांना दिसत होतं. आम्ही दोघांनी मिळून झोपलेल्या श्रुतीकडं बघितलं. रात्री आठचा भोंगा वाजला तेव्हा त्यांनी ठोकळा काढला आणि ठोका देताना त्यांचा हात पहिल्यांदा किंचित हलला. एक तुकडा मोठा झाला. त्यांनी तो माझ्याकडं सरकवला. मी त्यांच्याकडं. मग परत त्यांनी.

सोमवारी मी श्रुतीला बरोबर घेतलं. शालूबाईंकडं ठेवायचा धीर झाला नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसून उसाच्या गाड्या मोजत होती आणि मी तिच्या मानेवरच्या लवेकडं बघत होते. शंभराच्या आत आलं असेल तर? पन्नासच्या? ही पहिलीला जाईपर्यंत मी असेन का? हिची वेणी यांना घालता येईल. यांचे हात नाजूक आहेत, भांग सरळ पाडतील. पण हे तरी असतील का? मग वेणी कोण घालणार? विचार तिथं येऊन थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. वेणी. वेणी कोण घालणार. ताराराणी चौकात बसला गचका बसला तेव्हा मी तिचा दंड इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "मम्मी, दुखतंय की."

डॉक्टर तरुण होते. डोळ्यांखाली झोप साचलेली. माझा कागद त्यांनी उलटा करून माझ्यासमोर ठेवला. एक्क्याण्णव. मी तो आकडा वाचला आणि श्रुतीला मांडीवर आणखी वर ओढून घेतलं. "औषध लागू पडायचं थांबलंय," ते म्हणाले. "गोळी तीच आहे, तुम्हीही घेताय, पण आतला विषाणू तिला दाद देत नाही." मी विचारलं, असं कसं होतं? त्यांनी बाहेरच्या रांगेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पेन खाली ठेवून सांगितलं. तो स्वतःच्या नकला काढत असतो. रोज कोट्यवधी. घाईनं काढतो, त्यामुळं चुका होतात. बहुतेक चुकलेल्या नकला वाया जातात. पण एखादी चूक अशी होते की गोळी त्या नकलेला धरूच शकत नाही. रक्तात औषध पुरेसं असलं तर त्याला नकला काढायलाच मिळत नाहीत. पुरेसं नसलं, की बाकीचे मरतात आणि तो एक चुकलेला उरतो. जागा मोकळी असते. मग सगळे त्याच्यासारखे. "तुमच्या गोळ्यांची मोजणी तर कायम बरोबर आहे," ते फाइल चाळत म्हणाले, आणि एका पानावर थांबले. "ही मुलगी झाली तेव्हा कळा येताना एक गोळी घेतली होती का?" मी मान हलवली. "मग तेच असणार. ती गोळी एकटीच असते ना, आणि रक्तातून उतरायला तिला दिवसच्या दिवस लागतात. त्या उतरत्या दिवसांत तो शिकून बसतो. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही, बाई. मी तसं लिहितो. मुंबईला फाइल पाठवावी लागेल, तिथं कमिटी ठरवते. दुसरी औषधं मिळतील. मात्र त्यांच्यानंतर सध्या आपल्याकडं काही नाही." आणि त्यांनी पेन उचललं.

सुटले, असं मला वाटलं. खोटं नाही सांगत, पहिल्यांदा तेच वाटलं. किती सोपं होतं. कुणाचं नाव नाही, कुणाचा डबा बंद नाही, धोंडुबाईपुढं मान खाली नाही. एक ओळ लिहिली जाणार होती आणि सगळं त्या ओळीखाली झाकलं जाणार होतं. श्रुती डॉक्टरांच्या टेबलावरच्या स्टॅपलरकडं बघत होती, तिचे पाय माझ्या नडगीवर आपटत होते, एक, दोन, एक, दोन. पेनचं टोक कागदाला टेकलं. आणि मला ती पहाट दिसली, पाऊस, उशीखालची पुडी, तो कडूपणा. ज्या गोळीनं हिला माझ्यातून कोरडी बाहेर काढली, तिच्यावर हे घालायचं? कागदावर? उद्या ही मोठी होईल, वाचेल कुठंतरी, कुणीतरी सांगेल, तुझ्या जन्मापायी तुझी आई गेली. असेलही त्या गोळीचा काही वाटा, डॉक्टर शिकलेले आहेत. पण तिच्यानंतर वर्षभर माझ्या पेशी चढत होत्या. त्या कधी उतरायला लागल्या ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि घरी संध्याकाळी स्वेटर घालून बसलेल्या माणसाला रोज दोनदा मी औषध नाही, दुसरंच काहीतरी वाढत होते.

"हिच्या गोळीनं नाही झालं ते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आम्ही गोळ्या अर्ध्या केल्या. चौदा महिने."

पेन थांबलं. "आम्ही म्हणजे कोण?"

मला नाव काढायचं नव्हतं. यांनी तसं बजावलं होतं. श्रुतीनं स्टॅपलरवरची नजर काढली आणि डॉक्टरांना समजावून सांगितलं, "पप्पा कापत्यात. पटाशीनं. एक अर्धी मम्मीला, एक पप्पांना." मग त्यांना विश्वास बसत नसेल असं वाटून म्हणाली, "सारख्या असत्यात. केसाचापण फरक न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. रागावले असते तर बरं झालं असतं. मोना मॅडमना बोलावलं. त्या आल्या, ऐकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अवो ताई, मी तुमचं नाव सांगत हुतो की सगळ्यास्नी." बस, एवढंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यासाठी की स्वतःसाठी, मला कळलं नाही. फाइल जाईल, त्या म्हणाल्या. खरं लिहिलेलं जाईल. कमिटी विचारेल, पुन्हा असं होणार नाही कशावरून, त्याला उत्तर तयार ठेवायचं. तोवर याच गोळ्या, पण अख्ख्या, कुणाला न देता. आणि त्यांना घेऊन यायचं, उद्याच्या उद्या. मी विचारलं, त्यांना पण दुसरी औषधं मिळतील ना? मॅडम डॉक्टरांकडं बघायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आधी त्यांचं रक्त बघू." मला ते न बोललेलं ऐकू आलं. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही, त्याची औषधं हरली असं तरी कुठल्या वहीत लिहायचं?

संध्याकाळी हे आले, डबा मोरीत ठेवला. रिकामा, पुसून घेतल्यासारखा. ज्ञानू पाटलानं झुणका संपवला असणार. मी त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं, नकला, चुका, तो एक उरलेला. नाव श्रुतीनं काढलं हेही. रागावतील म्हणून मी थांबले. पण मनानं ते घरात नव्हतेच, शॉपमधल्या पॅटर्नच्या टेबलाशी होते. म्हणाले, "हजार नगांत एक रिजेक्ट निघतोय की नाही. आम्ही तो फोडून परत भट्टीत घालतो. म्हणून चालतंय." थांबले. "आपण भट्टी निम्मीच पेटवली. चांगले नग वितळले, आन् रिजेक्ट तेवढा राहिला. मग त्योच पॅटर्न झाला." त्यांनी स्वतःचा उजवा हात उताणा केला, बोटं उघडली, मिटली, परत उघडली. "मी तर मापात कापत हुतो गं," ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आठ वाजायला आले. ते सवयीनं उठले, कपाटावरचा ठोकळा काढला, फडकं सोडून पटाशी बाहेर घेतली, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन तशीच हातात धरून उभे राहिले. श्रुती बाहुली आणि घोडा घेऊन समोर येऊन बसली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. भोंगा वाजला. मी तांदळात हात घातला, बरणी काढली, गोळी तळहातावर घेतली. अख्खी. किती मोठी दिसत होती. एवढी मी गिळत होते एके काळी? मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मोडली असती, दातानं मोडली असती. तोंडात टाकली, पाणी घेतलं, आणि ती घशात आडवी बसली. डोळ्यांत पाणी आलं. चोरून खाताना पकडल्यासारखं वाटत होतं, आणि ही चोरी मला रोज दोनदा, त्यांच्यादेखत करायची होती, आणि आता ती गोळी लागूही पडत नव्हती.

"मम्मी, पप्पांची?" श्रुतीनं विचारलं.

तिनं आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघितलं. घोड्याच्या तोंडाशी नेलेली फुटाण्याची डाळी मागं घेतली आणि मुठीत धरून ठेवली, आता तिचं काय करायचं ते तिला कळेना. यांनी पटाशी पुसली, फडक्यात गुंडाळली, गाठ मारली, सोडली, परत घट्ट मारली. पिशवीत ठेवली. मोरीत जाऊन डबा उचलला. रोज मी धुते, आज त्यांनी स्वतः धुतला, आतून, बाहेरून, कडीच्या खाचेत बोट घालून. फळीवर पालथा घालून ठेवला. पाठमोरेच म्हणाले,

"सकाळी डबा करू नगंस."

मी माझा रिपोर्ट पिशवीत घातला, सकाळी सेंटरला दोघांनी जायचं होतं.